क्रेनमावशीची कंबर

हाडांच्या वॉर्डात तिचं खरं नाव हजेरीपत्रकात काय उरलं असेल तेवढंच. बाकी सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि ती पाठमोरी झाली की क्रेनमावशी. तिला ते ठाऊक होतं. राग वगैरे काही नाही. उलट नवी नर्स आली की तीच सांगायची, "जड पेशंट असेल तर क्रेनला हाक मार गं, लाजू नकोस. उगाच हिरोगिरी करून स्वतःचा मणका घालवशील."

तीस वर्षं तिने माणसं उचलली. पलंगावरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून पलंगावर, कुशीवर वळव, उशीला टेकवून बसव, खालची चादर काढ, नवी घाल. उंची जेमतेम पाच फूट. पण शंभर किलोचा गडी असला तरी ती एक गुडघा गादीवर टेकवायची, एक हात खांद्याखाली, दुसरा कमरेखाली सरकवायची, एक-दोन-तीन म्हणायची आणि माणूस जिथे हवा तिथे. तिचा कायदा एकच होता. "अंग सैल सोडा, आणि मला मदत करू नका." मदत करायला निघालेल्या पेशंटची तिला भारी चीड. तो नको तेव्हा जोर लावतो, नको तिथे हात टाकतो, आणि मग तोही पडतो आणि उचलणारीही. अशा पेशंटला ती दटावायची, "काका, तुम्ही ओझं आहात ना? मग ओझ्यासारखे गप पडा." काका बिचारे गप पडायचे.

आणि ह्या बाईची स्वतःची कंबर? दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सात वर्षं तिने दुखणं अंगावर काढलं. सकाळी उठताना कपाटाची मूठ धरल्याशिवाय सरळ होता यायचं नाही. उजव्या कुल्ल्यातून कळ निघायची ती मांडीमागून पोटरीपर्यंत, जणू कुणी आतून तार ओढतंय. ड्यूटीवर चालता चालता ती भिंतीशी थांबायची आणि नोटीस बोर्ड वाचतेय असं दाखवायची. त्या बोर्डावर तीन वर्षांपूर्वीचं एक परिपत्रक होतं. ते तिला तोंडपाठ झालं होतं.

मग एका सकाळी साध्याच, किरकोळ अंगाच्या पेशंटला ती वळवत होती. एक-दोन-तीन म्हणाली आणि तीनला उजवा पाय जागेवर नव्हताच. पेशंट पडला नाही, मावशी ट्रॉलीला लटकली. इन्चार्ज सिस्टरने तिला ट्रॉलीवरच घातलं आणि थेट मोठ्या डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. म्हणजे आडवं केलं.

मोठ्या डॉक्टरांची आणि तिची ओळख वीस वर्षांची. त्यांनी ऑपरेशन केलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी पलंगावरून खाली पाय ठेवायला लावायचं ते मावशीने. त्यांनी फोटो बघितले, तिचा पाय वर करून बघितला, अंगठा दाबून बघितला.

"मावशी, तुमच्याशी खोटं बोलून मला ह्या वॉर्डात फिरता येणार नाही," ते म्हणाले. "मणक्यातली गादी सरकली आहे, नस दाबली जाते आहे. ऑपरेशन केलं तर पायातली कळ बहुतेक जाईल. कंबर दुखायची थांबेलच असं मी लिहून देणार नाही. पायात ताकद आहे, लघवीची तक्रार नाही. म्हणजे आग लागलेली नाही. सहा आठवडे तळघरात जाऊन हालचालींचे उपचार घ्या. बऱ्याच जणांना त्याने पुरतं. नाही पुरलं तर मी आहेच."

"सहा आठवडे झाले की मी इथे असणार किती दिवस?" मावशी म्हणाली. दोन महिन्यांनी तिची निवृत्ती होती. नोकरीत आहे तोवर ऑपरेशन इथे, ह्याच डॉक्टरांच्या हातून, लगेच. निवृत्तीनंतर बाहेरच्यांची रांग, आणि ती रांग किती लांब असते ते तिला कुणी सांगायला नको होतं.

डॉक्टरांनी कॅलेंडर उलटून एक तारीख धरून ठेवली. त्या आधीच्या सोमवारी फॉर्मवर सही करायची, नाहीतर नको म्हणायचं. आणि ऑपरेशननंतर तीन महिने काही उचलायचं नाही. बादलीसुद्धा नाही.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. कारण घरी वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे तिची नणंद. लग्न केलं नाही, पस्तीस वर्षं तिकिटांच्या खिडकीमागे बसल्या, भावाच्या घरी राहिल्या. भाऊ गेला. त्याच्यामागे तीन वर्षांनी वन्संना झटका आला आणि अंगाची डावी बाजू लुळी पडली. आता त्याला नऊ वर्षं झाली होती. मावशी म्हणायची, झटका डाव्या बाजूला बसला, आणि जीभ नेमकी मधोमध असल्यामुळे वाचली. वन्संची जीभ खरोखरच ठणठणीत होती. वयाने त्या मावशीपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, पण थोरल्या भावाची बायको म्हणून तिला वहिनीच म्हणायच्या.

दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. बाहेरच्या खोलीत खिडकीशी वन्संचा पलंग. सकाळी ड्यूटीला निघताना मावशी त्यांना डाव्या कुशीवर वळवायची, म्हणजे उजव्या हाताला डबा, पाणी, रेडिओ पुरेल. दुपारी साडेतीनला आली की पुन्हा वळवायची, संध्याकाळी बसवायची, निजताना परत. चार वेळा. मधल्या वेळात काही लागलं तर काठीने भिंतीवर ठोकायचं, पलीकडची शेजारीण येणार. नऊ वर्षांत वन्संनी एकदाही ठोकलं नव्हतं.

"उचललंस का पोतं?" मावशीने हात खाली घातले की वन्सं विचारायच्या.

"पोतं बोलत नाही," मावशी म्हणायची. "अंग सैल सोडा."

मावशीला मुलगी होती, लग्न होऊन दुसऱ्या शहरात. तारखेचं कळल्यावर तिचा फोन आला. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती, हात मोकळे नव्हते, म्हणून तिने फोन तसाच मोठ्या आवाजावर ठेवला. तिथेच चूक झाली.

"आई, तू आता फक्त स्वतःचं बघ," लेक म्हणाली. "ऑपरेशन करून टाक. आत्याला ठेवता येईल, अशा आजारी माणसांना सांभाळणाऱ्या जागा असतात, मी चौकशी केली आहे. आणि खरं सांगू का, एकदा ठेवलीस की राहू दे तिला तिथेच. तू माझ्याकडे ये. किती वर्षं मरायचं तू?"

मावशीने झडप घालून आवाज बंद केला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वन्सं खिडकीकडे बघत होत्या.

"तिथे रेडिओ लावू देतात का, तेवढं विचारून घे," त्या म्हणाल्या.

 ठेवायचं नव्हतं मावशीला वन्संना कुठे. अशा जागांमधून वॉर्डात आलेले पेशंट तिने पाहिले होते, त्यांच्या पाठी पाहिल्या होत्या. पण सकाळी कपाटाची मूठ धरून उभी राहताना, डोळ्यांपुढे काजवे चमकताना, लेकीचं वाक्य तिला आठवायचं आणि ते चुकीचं वाटायचं नाही. ह्याचीच तिला लाज वाटायची.

म्हणून ती तळघरात गेली. बरं होण्यासाठी नव्हे, सहा आठवडे ढकलण्यासाठी.

तळघरात चादरींच्या कोठीशेजारी एक खोली होती आणि तिथे चाळिशीची एक थेरपिस्ट बसायची. बसायची कुठली, जमिनीवरच असायची. तिच्याकडे मशीन नाही, दिवे नाहीत, दोरे-वजनं नाहीत. एक जाड सतरंजी, दोन उशा, एक स्टूल. ती माणसांना जमिनीवर निजवून हळूहळू हलायला लावायची, इकडून तिकडे लोळायला लावायची, म्हणून सगळं हॉस्पिटल तिला लोळणबाई म्हणायचं. मावशीनेच ते नाव पाडलं होतं, पण हे आता कबूल करायची वेळ नव्हती.

"लोळायला वेळ मिळाला असता तर कंबर दुखली असती का?" सतरंजीवर बसता बसता ती पुटपुटली.

"मग आता घ्या वेळ," लोळणबाई म्हणाली. "निजा. काही करू नका. पाठीचा कुठला भाग जमिनीला टेकलाय आणि कुठला नाही, तेवढं मला सांगा."

मावशीला सांगता येईना. दुसऱ्या कुणाची पाठ असती तर तिने डोळे मिटून सांगितलं असतं. स्वतःची पाठ म्हणजे नुसतं एक दुखणं, त्याला डावं-उजवं काही नव्हतं.

लोळणबाईने तिचा उजवा हात मनगटाखाली धरून हलकेच वर घेतला. "सैल सोडा. सगळं वजन माझ्या हातात द्या."

"दिलंय की."

लोळणबाईने आपला हात काढून घेतला. मावशीचा हात तसाच हवेत राहिला.

"मावशी, हा कुणी धरलाय?"

मावशीने हाताकडे बघितलं. मग ओशाळून म्हणाली, "तुम्हाला जड होईल ना, बाई."

लोळणबाईला हसू आलं. मावशीला आलं नाही. तीस वर्षं जे वाक्य तिने दुनियेला ऐकवलं, ते तिच्याच अंगाला ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी अर्धा तास नुसता तो हात सोडण्यात गेला, आणि सुटला नाहीच. तळघराचे जिने चढून ती वर आली तेव्हा शंभर माणसं उचलल्यासारखी थकली होती.

पुढच्या वेळी गुडघे वर करून निजायचं, आणि कंबर अगदी थोडी, कागद सरकेल इतकीच, जमिनीकडे न्यायची आणि सोडायची. सहा वेळा. दुखेपर्यंत नाही, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं. मावशीने घरी साठ वेळा केलं. आणि नुसतं केलं नाही, दात आवळून, कंबर जमिनीला चिरडून केलं. काम म्हटलं की अंग मोडून करायचं, अर्धवट करणारीचा तिला तिटकारा. दुसऱ्या दिवशी चप्पल घालायला वाकता येईना, तेव्हा ती एका पायात चप्पल आणि दुसरी हातात, अशी तळघरात उतरली.

"तुमच्या ह्या कसरतीने मी मेले असते," ती फणकारली.

"किती वेळा केलंत?"

मावशीने सांगितलं.

"औषधाची बाटली एका घोटात संपवता का?" लोळणबाई म्हणाली. "मावशी, ही हमाली नाही. तुमच्या कंबरेला इतकी वर्षं एकच गोष्ट माहीत आहे, घट्ट धरायचं. तिला जरा दुसरं काहीतरी करता येतं, एवढंच दाखवायचंय. धाकाने नाही दाखवता येत."

तिला ते मनापासून पटलं नाही. पण इन्चार्ज सिस्टरने तिला उचलण्याच्या कामावरून काढून बँडेजच्या पट्ट्या गुंडाळायला बसवलं होतं, आणि पट्ट्या गुंडाळण्यापेक्षा लोळणं बरं. आठवड्यातून तीनदा ती जायची. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायला तिला नव्याने शिकावं लागलं. आधी डोळे वळवायचे, मग डोकं, मग खांदा, मग कंबर आपोआप येते. खुर्चीवरून उठताना पुढे झुकायचं, पायांना काम द्यायचं. साध्या गोष्टी. तान्ह्या पोराला येतात त्या. सत्तावन्नाव्या वर्षी त्या शिकताना तिला कधी चीड यायची, कधी नुसती झोप यायची. दोनदा ती सतरंजीवर खरंच झोपली, आणि लोळणबाईने तिला उठवलं नाही.

चौथ्या आठवड्यात एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की कॅन्टीनच्या रांगेत ती दहा मिनिटं उभी आहे आणि भिंत शोधली नाही. पोटरीतली कळ गुडघ्याच्या वर आली होती. लोळणबाई म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे, दुखणं मागे सरकतंय. मावशीने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की दृष्ट लागते असं नाही, पण उद्या सकाळी परत तेच असेल तर तोंडघशी पडायला नको.

आणि उद्या सकाळी परत तेच असायचं. ड्यूटीवर दिवस बरा जायचा, दुपारी घरी जाऊन वन्संना वळवलं, संध्याकाळी बसवलं, निजताना परत आडवं केलं, की सकाळी कपाटाची मूठ. दिवसभर विणायचं आणि संध्याकाळी उसवायचं. मावशीने मनातल्या मनात हिशोब मिटवला. ऑपरेशन करायचं. वन्संना तीन महिने ठेवायचं. मग पुढचं पुढे. हे ठरवल्यावर तिला रडू आलं, आणि तेही तिने कोठीत जाऊन, चादरी मोजण्याचं निमित्त करून आटपून घेतलं.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी तिने लोळणबाईला सांगून टाकलं. "बाई, तुमचं काम खोटं नाही. पण माझं घरचं ओझं सुटत नाही. सोमवारी सही करते."

"घरी किती उचलता?"

मग मावशीने सगळं सांगितलं, चार वेळांचं. आणि सांगता सांगता, इतकी दमलेली असूनही, तिचा आवाज जरा चढला. "नऊ वर्षं झाली, बाई. वन्संच्या पाठीला एक फोड नाही. एक नाही! मोठमोठ्या ठिकाणांहून माणसं पाठीला खड्डे घेऊन येतात आपल्याकडे. माझ्या हातची पाठ बघा येऊन."

"सकाळी किती वाजता वळवता?"

"सहाला. सहाला निघते मी."

"आणि मग साडेतीनला." लोळणबाईने बोटं मोजली. "साडेनऊ तास. मधे कोण वळवतं त्यांना?"

"कोणी नाही," मावशी म्हणाली.

आणि म्हणाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. दोन तासांच्या वर माणूस एका कुशीवर राहिला की कातडी लाल होते, हे तिने किती नर्सना शिकवलं होतं. अडीच तास झाले म्हणून एकीला तिने रडेपर्यंत बोलून घेतलं होतं. आणि तीच बाई नऊ वर्षं रोज साडेनऊ तास घर बंद करून येत होती, आणि पाठीवर एक डाग नाही म्हणून मिरवत होती. सगळं यश स्वतःच्या दोन हातांचं धरून चालली होती. वॉर्डातल्या कुठल्याही शिकाऊ पोरीने हा प्रश्न विचारला असता. मावशीला सुचला नाही, कारण ओझं स्वतः हलतं हे तिच्या कायद्यात नव्हतं.

 लोळणबाईनेही ओळखलं होतं.

शुक्रवारी मावशीने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. साडेअकराला ती तीन मजले चढून वर आली आणि आवाज न करता किल्ली फिरवली.

वन्संना तिने सकाळी डाव्या कुशीवर ठेवलं होतं. आता त्या उजव्या कोपरावर रेलून, खिडकीकडे तोंड करून, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत बिस्कीट खात होत्या. उशी पाठीमागे नीट खोचलेली होती. डावा पाय उजव्यावर व्यवस्थित ठेवलेला. रेडिओ चालू होता.

दार लागल्याचा आवाज झाला. वन्संनी मान वळवली, आणि बिस्कीट हातातच राहिलं.

"आज लवकर?" त्या म्हणाल्या.

मावशी पर्स हातात धरून तशीच उभी होती. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वन्सं, माझ्याशी खेळू नका. कधीपासून वळता येतं?"

वन्संनी बिस्कीट डब्यात परत ठेवलं. झाकण लावलं. "दुसऱ्या वर्षापासून. आधी थोडंसं. मग पुरतं."

"म्हणजे सात-आठ वर्षं." मावशीचा आवाज चिरकला. "आठ वर्षं मी तुम्हाला उचलतेय! दिवसातून चार वेळा! मी यायच्या आधी परत जागच्या जागी वळून पडत होतात? माझी कंबर गेली हो, वन्सं. सकाळी मला उभं राहता येत नाही, दिसत नव्हतं तुम्हाला? त्या कपाटाला धरून मी रडते, ते ह्या पलंगावरून दिसतं. दिसतं की नाही?"

"दिसतं."

"आणि तरी?"

"सुरुवातीला एकदा केला होता मी प्रयत्न, तुझ्यासमोर," वन्सं म्हणाल्या. "तू म्हणालीस, मदत करू नका, ओझ्यासारख्या पडा."

मावशीला ते आठवलं. नाही आठवलं असं तिला म्हणता आलं नाही. पण राग काही कमी झाला नाही. "तेव्हाचं सोडा. ऑपरेशनचं कळल्यावर? तुम्हाला तिथे ठेवायचं चाललं होतं, ते ऐकलंत ना तुम्ही? तेव्हा का नाही बोललात?"

"रोज ठरवायची, आज सांगते. निदान तू फॉर्मवर सही करून आलीस की तरी सांगणारच होते. म्हणजे तुझं ऑपरेशन अडलं नसतं माझ्यापायी." वन्सं चादरीचा काठ उजव्या हाताने सरळ करत होत्या. "पण तू दारातून आलीस की तोंडच शिवलं जायचं."

"अहो पण का?"

वन्संनी तोंड खिडकीकडे वळवलं.  मग म्हणाल्या, "वहिनी, तू उचलतेस तेव्हा मला धरतेस. दिवसातून चार वेळा मला कुणीतरी धरतं. एरवी ह्या अंगाला हात कोण लावतंय? लग्न नाही, पोर नाही. झटका यायच्या आधीची चाळीस वर्षं मोजलीस तरी तेवढं कुणी धरलं नव्हतं."

मावशी खुर्चीत बसली.  राग होता, भरपूर होता, पण राग धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो, आणि तेवढा तिच्यात उरला नव्हता. रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. तिने उठून तो बंद केला आणि परत खुर्चीत येऊन बसली.

"दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्यासमोर वळा. डाव्या कुशीवर. बघायचंय मला."

वन्संनी आधी नजर वळवली, मग मान. उजवा हात लांब करून पलंगाचा कठडा पकडला. उजव्या पावलाने डावं पाऊल आकडा घातल्यासारखं ओढलं. एकदा अर्ध्यावर येऊन मागे पडल्या. चेहरा लाल झाला, मानेची शीर फुगली. मावशीचे हात आपोआप पुढे निघाले. तिने ते मागे घेतले, मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली. दुसऱ्यांदा वन्सं पुन्हा मागे पडल्या. तिसऱ्यांदा खांदा वर आला, त्याच्यामागून कंबर आली, आणि त्या धापा टाकत डाव्या कुशीवर झाल्या. तीन मिनिटं लागली असतील. मावशीने उचललं असतं तर चार सेकंदांचं काम होतं.

"झालं समाधान?" वन्सं धापा टाकत म्हणाल्या.

मावशीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात खाली अडकल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. "सोमवारी तारीख परत करते," ती म्हणाली. "ज्याला गरज आहे त्याला मिळू दे. मी तळघरातच जाईन. बाई निवृत्तीनंतरही येऊ देते म्हणाली आहे."

"आणि माझं?"

"तुमचं काय? उद्यापासून स्वतः वळायचं. स्वतः बसायला शिकायचं. मी उचलणार नाही, वन्सं. तुम्ही रडलात तरी नाही."

वन्संनी मान हलवली. 

"आणि धरायचं म्हणाल, तर धरीन," मावशी म्हणाली. "पण बसून. उचलून नाही."

ती उठून पलंगाच्या कडेला बसली, पाय जमिनीवर नीट टेकवले, आणि वाकून वन्संच्या खांद्यांभोवती हात टाकले. उचलायचं काही नव्हतं. तिला सुचेना आता पुढे काय करायचं, म्हणून ती तशीच राहिली. वन्संच्या मानेला पावडरचा शिळा वास येत होता. आठ-नऊ वर्षं दिवसातून चार वेळा ती इतक्या जवळ येत होती, पण उचलताना श्वास रोखून धरायची तिला सवय होती, त्यामुळे हा वास तिला आज पहिल्यांदाच आला.

"पावडर लावता तुम्ही?" तिने विचारलं.

"रोज लावते, तू यायच्या आधी," वन्सं म्हणाल्या. "आज लवकर आलीस. ही कालची आहे."